वीस म्हणजे वीस

मीटरसाहेबांच्या घरात इंच हा शब्द उच्चारायला बंदी होती. एखादी शिवी एक वेळ खपून गेली असती, पण 'फूटभर' किंवा 'दोन इंच' असं काही कुणाच्या तोंडून निसटलं की साहेब वर्तमानपत्र खाली ठेवत आणि चष्मा काढत. चष्मा काढला म्हणजे निदान अर्धा तास गेला हे घरच्यांना ठाऊक होतं.

साहेब वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदाराच्या तराजूत, पेट्रोलपंपाच्या नळीत आणि कापडवाल्याच्या मीटरपट्टीत खोट शोधण्यात त्यांची हयात गेली होती. जगातले बहुतेक घोटाळे दोन मापं एकाच वेळी वापरल्यामुळे होतात, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि ते मत ते जिन्यात, लिफ्टमध्ये, इतकंच काय, शेजाऱ्याला भेटायला दवाखान्यात गेले असतानाही मांडत. त्यामुळे इमारतीत त्यांचं मूळ नाव मागे पडून मीटरसाहेब एवढंच उरलं होतं. हे नाव लोकांनी कौतुकाने ठेवलं आहे अशी त्यांची समजूत होती, आणि ती मोडण्याइतकं दुष्ट इमारतीत कोणी नव्हतं.

तसं पाहिलं तर साहेबांचं म्हणणं खोटं नव्हतं. आपण दूध लिटरने घेतो आणि ते ठेवायचं कपाट फुटांनी करून घेतो. कापड मीटरने फाडून आणतो आणि त्याच कापडाचा सदरा शिंपी इंचांत शिवतो. माणूस वजनाला किलोत असतो आणि उंचीला फुटांत. बाहेर ऊन सेल्सियसमध्ये तापतं, आणि त्याच उन्हातून घरी येऊन माणूस आजारी पडला की तो मात्र फॅरनहाइटमध्ये तापतो. यावर साहेबांच्या पत्नीचं म्हणणं असं, की पण आपलं कुठे काय अडतं, कळतंच ना सगळ्यांना सगळं. साहेब म्हणत, मी तसूभरही मागे हटणार नाही. मग ती शांतपणे विचारायची, "तसू म्हणजे किती मिलिमीटर हो?" आणि साहेब चहाकडे वळत.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना साहेबांच्या सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या.

सासूबाई दुसऱ्या गावी एकट्या राहत. चणीने लहान, पण जिद्दीने भारी बाई. लेकीने किती वेळा म्हटलं की आई, आमच्याकडे ये. दर वेळी एकच उत्तर, हातपाय चालतात तोवर मी कुणाच्या दारात पाहुणी म्हणून राहणार नाही. आता पायानेच दगा दिला. खुब्याचं हाड मोडलं, त्यांना इकडच्या रुग्णालयात आणलं, शस्त्रक्रिया झाली आणि ती चांगली झाली. तेव्हाही भुलीतून पुरत्या बाहेर येण्याआधी त्या म्हणाल्या ते हेच, की चालायला लागले की मी माझ्या घरी जाणार, कुणी अडवायचं नाही.

डॉक्टरांनी साहेबांना आणि त्यांच्या पत्नीला बोलावून नीट समजावलं. खाली वाकून बसायचं नाही, बुटक्या आसनावर तर मुळीच नाही. पलंग असा हवा की काठावर बसलं तर पाय जमिनीला टेकावेत आणि उठताना खुब्यावर ताण येऊ नये. उंची वीस इंच, गादी धरून. परत पडल्या तर मात्र कठीण आहे, हेही त्यांनी सांगितलं.

पत्नी कान देऊन ऐकत होती. साहेबही ऐकत होते, पण डॉक्टरांच्या मागच्या भिंतीवर मुलांची उंची मोजायचा एक तक्ता लावला होता, आणि तो फुटांत होता. एवढं मोठं रुग्णालय आणि भिंतीवर फूट, या विचाराने साहेबांचं अर्धं लक्ष तिकडे गेलं. खोलीतून बाहेर पडताना त्यांच्या डोक्यात 'वीस' एवढा आकडा तेवढा पक्का बसला होता. त्याच्या मागचापुढचा सगळा मजकूर भिंतीवरच राहिला.

पत्नी म्हणाली की असले पलंग भाड्याने मिळतात, आणूया. साहेब म्हणाले, माझ्या सासूबाई भाड्याच्या पलंगावर झोपणार नाहीत. मी करून घेतो. त्यांच्या आवाजात असं काही होतं, की पत्नीने पुढे वाद घातला नाही.

सुतार आला. भला माणूस, कानावर पेन्सिल, खिशात टेप. त्याने खोली पाहिली आणि म्हणाला, साडेसहा बाय साडेतीन बसेल आरामात. झालं. साहेबांनी चष्मा काढला. सुताराला खुर्ची दिली, चहा दिला आणि अर्धा तास दशमान पद्धतीचं महत्त्व समजावून सांगितलं. या घराच्या उंबऱ्याच्या आत फूट नाही, इंच नाही, सूत नाही. जे काय ते सेंटिमीटर. सुताराने चहा संपवला, टेप उलटी केली आणि म्हणाला, "चालतंय की. लाकडाला काय, कसंही कापा." लांबी दोनशे, रुंदी एकशेदहा. साहेबांना वाटलं, आज एक माणूस मार्गाला लागला.

निघताना सुताराने विचारलं, उंची किती ठेवायची?

नेमका त्याच वेळी रुग्णालयातून फोन आला होता. साहेबांनी फोन कानाला लावला होता आणि हाताने सुताराला थांबा अशी खूण केली होती. सुतार थांबला, पुन्हा विचारलं. साहेबांनी फोनवर हात ठेवून सांगितलं, "वीस."

सुतार जरा घुटमळला. म्हणाला, "वीसच ना साहेब? बुटका दिसेल."

"डॉक्टरांनी सांगितलंय," साहेब म्हणाले. "वीस म्हणजे वीस. एक मिलिमीटरही कमीजास्त नको."

डॉक्टरांचं नाव निघाल्यावर सुतार काय बोलणार. आजारी माणसांसाठी जगात काय काय करतात हे त्याला थोडंच माहीत होतं. तो गेला.

पलंग तयार झाला, पण तो चौथ्या मजल्यावर न्यायचा कसा, इथे घोडं पेंड खाऊ लागलं. लिफ्टच्या दारावर पाटी होती: 'चार फुटांपेक्षा लांब सामान लिफ्टमधून नेण्यास मनाई आहे.' साहेबांनी मागे या पाटीवरच्या 'फुटां'विरुद्ध सोसायटीला लेखी सूचना केली होती, एकदा नव्हे, तीनदा. त्या सूचना ज्यांच्याकडे गेल्या ते सेक्रेटरी तळमजल्यावर राहत. निवृत्त गृहस्थ, नियमांचे पक्के, आणि मीटरसाहेबांच्या नावाने त्यांच्या कपाळाला आठी पडायची ती हनुवटीपर्यंत उतरायची.

साहेबांनी परवानगीचा अर्ज केला आणि अर्जात फळ्यांची लांबी सेंटिमीटरमध्ये लिहिली. सेक्रेटरींनी अर्ज परत केला. आमच्या नियमावलीत फूट आहे, तेव्हा फुटांत लिहून आणा, मग समितीपुढे ठेवू. साहेब म्हणाले, मी फुटांत लिहिणार नाही. सेक्रेटरी म्हणाले, मग मी वाचणार नाही. दोन सुशिक्षित माणसं एका पलंगावरून अशी समोरासमोर उभी राहिली, आणि दोघांपैकी एकालाही मागे सरता येईना.

शेवटी सुतार आणि त्याच्या जोडीदाराने सगळं सामान जिन्याने वर चढवलं. वळणावर एकदा फळी अडली तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या काकू कुंड्या वाचवायला बाहेर आल्या. कुंड्या वाचल्या, भिंतीचा रंग गेला. मग पलंग कसा दिसतो ते बघावं म्हणून काकू वरही आल्या. इतरही दोघंतिघं आले. कुणाकडे नवीन वस्तू आली की बघायला जावं लागतंच.

सुताराने पलंग जोडला, फडकं मारलं आणि बाजूला झाला. लाकूड सुंदर, सांधे सुंदर, पॉलिश असं की तोंड दिसावं. फक्त तो पलंग जमिनीपासून वीतभर वर होता. एखाद्या मोठ्या पाटासारखा खोलीच्या मधोमध पसरला होता.

 काकूंनी वाकून पाहिलं आणि निरागसपणे विचारलं, "वरचा भाग मागून येणार आहे का?"

साहेबांचा चेहरा लाल झाला. ते सुताराकडे वळले आणि हा काय प्रकार आहे असं त्यांनी विचारलं. सुतार गोंधळून म्हणाला, "साहेब, तुम्हीच वीस म्हणालात. सगळी मापं सेंटिमीटरमध्ये दिलीत, म्हणून मी हेही सेंटिमीटरच धरलं."

 डॉक्टर, खोली, तक्ता, वीस, सगळं साहेबांच्या डोळ्यांसमोरून सरकलं. मग त्यांची मान हळूहळू पत्नीकडे वळली. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "इंच म्हणाले होते हो डॉक्टर."

म्हणजे सबंध घरात इंचाला बंदी करून साहेब स्वतःच एक इंच, एक कशाला, चांगले वीस इंच डोक्यात घालून घरात घेऊन आले होते. उंबऱ्यावर त्यांना अडवणारं कुणी नव्हतं.

साहेबांनी सुताराची माफी मागितली. ती त्यांनी अशी मागितली, की आधी खिडकीबाहेर पाहिलं, मग घसा साफ केला, मग 'चूक माझी आहे' हे तीन शब्द तीन वेगवेगळ्या दिशांना टाकले. सुतारच ओशाळला. मीही अजून एकदा विचारायला हवं होतं, म्हणाला, आपण खाली वाढीव पाय लावू, उद्या सकाळी करून आणतो. उद्याच दुपारी सासूबाईंना घरी सोडणार होते.

मग सल्ले सुरू झाले. काकूंच्या मते चार कोपऱ्यांखाली विटा सरकवल्या की काम झालं. समोरच्या घरातल्या गृहस्थांनी रंगाचे रिकामे डबे देऊ केले, त्यांच्याकडे सहा होते आणि ते त्यांच्या पत्नीला घरातून घालवायचे होते. रोज पहाटे योगासनं करणारे एक जण म्हणाले, पलंग हवाच कशाला, सगळे आजार जमिनीपासून दूर गेल्यामुळे होतात. खुबा मोडलेल्या बाईला जमिनीवर बसवायचं कसं, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा ते म्हणाले की सवयीने जमतं.

लोक गेल्यावर साहेब त्या पलंगावर बसले. बसले म्हणजे खाली खाली जात राहिले आणि शेवटी एकदाचे टेकले. गुडघे हनुवटीशी आले. उठायला गेले तर उठता येईना. एकदा हात टेकून पाहिलं, एकदा कुशीवर वळून पाहिलं. पत्नी स्वयंपाकघरात होती, हाक मारायची लाज वाटली. म्हणून ते तसेच बसून राहिले.

बसल्या बसल्या त्यांना आठवलं ते लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातलं. साहेबांना विषमज्वर झाला होता. पत्नीला दिवस गेलेले, घरात दुसरं कुणी नाही. सासूबाई पिशवी घेऊन आल्या आणि महिनाभर त्यांच्या उशाशी बसल्या. कपाळावर ओली पट्टी, हातात थर्मामीटर. एकशे तीन, एकशे दोन, पुन्हा एकशे तीन. ज्या दिवशी पारा खाली आला त्या दिवशी सासूबाई 'नव्व्याण्णव' एवढंच म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या बसल्या झोपी गेल्या. बरे झाल्यावर साहेबांनी त्यांना गाडीत बसवून दिलं. आभाराचं काहीतरी बोलायचं होतं, तेवढ्यात गाडी सुटली. ते बोलणं तेव्हापासून राहिलं होतं ते राहिलंच होतं. पलंगाच्या हट्टामागे खरं म्हणजे हे होतं, पण ते साहेबांनाही या घटकेपर्यंत नीटसं कळलेलं नव्हतं. माणसाला काही गोष्टी जमिनीलगत बसल्यावर कळतात, एवढ्यापुरते ते योगासनवाले बरोबर होते.

शेवटी पत्नीने येऊन त्यांना हाताला धरून उठवलं. ती हसली नाही. तिने हसायला हवं होतं, असं साहेबांना वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतार वाढीव पाय घेऊन आला. डोळे तारवटलेले होते, पण पाय चोख झाले होते. पलंग उचलून त्यावर बसवला. साहेबांनी मोजला. बरोबर एक्कावन्न सेंटिमीटर. साहेबांनी पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतला, आणि तेवढ्यात दुकानातून गादी आली.

गादीचा विचार कुणी केला नव्हता असं नाही. पत्नीने केला होता, तिनेच ती मागवली होती, चांगली जाड, आईच्या अंगाला टोचू नये म्हणून. फक्त पलंगाची उंची आणि गादीची जाडी यांची गाठ एकमेकांशी घालून द्यायची राहिली होती. गादी टाकली. पत्नी काठावर बसली आणि तिचे पाय अधांतरी लोंबकळू लागले. ती आईपेक्षा चांगली हातभर उंच होती.

"गादी धरून," ती स्वतःशीच म्हणाली. "गादी धरून म्हणाले होते."

काल पलंग पाताळात होता, आज आभाळात गेला. आणि खालून रुग्णवाहिकेचा हॉर्न वाजला. रुग्णालयाने दुपारच्या ऐवजी सकाळीच सोडलं होतं. सरकारी खात्यात इतकी वर्षं काढून एखादं काम वेळेआधी झालेलं साहेबांनी पाहिलं नव्हतं, ते नेमकं आज पाहिलं.

साहेब धावत खाली गेले. सासूबाई चाकांच्या खुर्चीत बसल्या होत्या, चेहरा दमलेला, ओठ घट्ट मिटलेले. साहेब त्यांना काय सांगावं याची जुळवाजुळव करत असतानाच तळमजल्याचं दार उघडलं आणि सेक्रेटरी बाहेर आले. वरच्या ठोकाठोकीचा आवाज, काल दिवसभरची ये-जा, काकूंचं बातमीपत्र, सगळं त्यांच्यापर्यंत पोचलेलं होतं. आता हे काय ऐकवतात, म्हणून साहेबांनी खांदे आवळले.

सेक्रेटरी म्हणाले, "आजींना इथे बसवा. माझ्या वडिलांची खुर्ची आहे, त्यांचाही पाय असाच मोडला होता. वरचं काम होईपर्यंत राहू देत."

खुर्ची उंच होती, हात रुंद होते. सेक्रेटरींच्या पत्नीने पाठीशी उशी दिली, पाणी दिलं. सासूबाई बसल्या आणि त्यांचे मिटलेले ओठ जरा सैल झाले. साहेबांनी घाईघाईने सगळी हकीकत सांगितली आणि आता पायांतून नेमकं किती कापायचं याचा हिशेब मांडू लागले. एक्कावन्न अधिक पंधरा, वजा गादी दबते ती, अधिक चपलेचा तळ. सेक्रेटरी म्हणाले, इंचांत सांगा, मी लगेच सांगतो. साहेब म्हणाले, इंचांनीच तर ही वेळ आली. सेक्रेटरी म्हणाले, सेंटिमीटरने आली. दोघांचेही आवाज चढू लागले.

"आकडे बस करा दोघं," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. "ही खुर्ची मला बरोबर होतेय. दोरी लावा आणि तेवढा करा पलंग."

 सेक्रेटरींनी आतून सुतळी आणली. साहेब गुडघ्यावर बसले, सुतळीचं टोक जमिनीला लावलं, सेक्रेटरींनी दुसरं टोक खुर्चीच्या बैठकीच्या कडेला धरून चिमटीत पकडलं. गाठ मारली तर माप बिघडेल, कापली तर धागे सुटतील, अशी चर्चा होऊन असं ठरलं की ती तशीच धरून न्यायची. लिफ्ट रुग्णालयातून आलेल्या सामानाने अडली होती. मग सेक्रेटरी चार मजले चढले, दोन्ही हात पुढे करून, ताणलेली सुतळी छातीसमोर धरून. मागे साहेब, कुणाचा धक्का लागू नये म्हणून वाट मोकळी करत. दुसऱ्या मजल्यावर काकूंनी दार उघडून विचारलं की काय नेताय, तर सेक्रेटरी मान न वळवता म्हणाले, "उंची."

सुताराने सुतळी लावून चारही पायांवर खूण केली. गादी किती दबते ते पाहायला काकूंना वर बसवलं, कारण त्यांचा आणि सासूबाईंचा बांधा सारखा होता. मग कापाकापी सुरू झाली. रंगाच्या डब्यांवाल्यांनी एक कोपरा उचलून धरला, योगासनवाल्यांनी दुसरा. रोजच्या आसनांचा त्यांना कुठे उपयोग झाला असेल तर तो त्या दिवशी. साहेबांनी सुताराला विनवून एक पाय स्वतः कापायला घेतला. तो तिरका कापला गेला. सुताराने काही न बोलता त्याखाली लाकडाची पाचर ठोकली आणि हात फिरवून पाहिला. पलंग हलेना.

एकूण उंची किती झाली हे त्या गडबडीत कुणी मोजलं नाही. टेप साहेबांच्या खिशातच होती.

सासूबाईंना वर आणलं. खोलीत सगळे भिंतीला लागून उभे राहिले. लेकीने हात दिला, त्यांनी तो धरला आणि काठावर बसल्या. पाय जमिनीला टेकले, पूर्ण तळवे. त्या थोडा वेळ तशाच बसल्या. मग त्यांनी लेकीचा हात सोडला, काठीवर भार दिला आणि उठल्या. सावकाश, एकदा दात आवळून, पण एकट्या. उभ्या राहिल्या आणि पुन्हा बसल्या.

 साहेबांनी बोलायला सुरुवात केली, की सासूबाई, तुमचं काहीही, म्हणजे मागे तुम्ही, तेव्हा राहून गेलं, आणि पुढचे शब्द सापडेनात. सासूबाईंनी हाताने त्यांना थांबवलं.

"मी तिकडे पडले तेव्हा दोन तास फरशीवर होते," त्या म्हणाल्या. हे त्यांनी लेकीलाही सांगितलं नव्हतं. "हाका मारल्या. कुणाला ऐकू गेलं नाही." त्यांनी खोलीभर नजर फिरवली. सुताराच्या अंगावर भुसा होता, सेक्रेटरी अजून धापा टाकत होते, काकूंच्या केसांत लाकडाचा पातळ छिलका अडकला होता. "इथे माझ्या एका पलंगासाठी एवढी माणसं राबली. माझं नावसुद्धा माहीत नाही यांना." मग जावयाकडे बघत, "तुमची हरकत नसेल तर राहते मी इथे. बरी झाल्यावरही."

पत्नी चहा टाकते म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. साहेबांनी फक्त मान हलवली, दोनदा, जोरात.

"उभे काय राहिलात सगळे," सासूबाई म्हणाल्या. "बसा. नवीन आहे, तर पक्का आहे की नाही बघू."

सुतार नको नको म्हणत होता, पण त्यालाच आधी बसवलं. मग काकू बसल्या, सेक्रेटरी बसले, त्यांची पत्नी बसली, डब्यांवाले आणि योगासनवाले पायथ्याशी दाटीवाटीने टेकले. पलंग जरासा कुरकुरला आणि गप्प झाला. पत्नी चहा घेऊन आली, तिलाही आईशेजारी कशीबशी जागा झाली. साहेब तेवढे दाराशी कप घेऊन उभे राहिले. स्वतःच्याच घरात बसायला जागा नाही याचं इतकं सुख त्यांना यापूर्वी कधी झालं नव्हतं.